वैभवचं कार्ड

टक्...

स्क्रू फरशीवर पडला. दुपारच्या शांत खोलीत केवढ्याने वाजला!

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. गेल्या श्रावणात, नायगावच्या बीडीडी चाळीत. रात्र नव्हती, लाइट गेली नव्हती. अनुजा त्या दिवसापासून लेकीला एकटीला झोपू देत नाही.

नूपुर चटईवर गाढ झोपली होती. गालाखाली हात, तोंड जरासं उघडं. अनुजाने तिच्या अंगावर ओढणी घातली आणि पुन्हा उघड्या कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसली.

लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरी जमलं, तर हिला पाळणाघरात ठेवायला नको. एवढ्याचसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. कॉम्प्युटर मात्र जुना. धाकट्या दिराचा, वैभवचा. नूपुर पोटात असताना तो गेला.

जुनं कार्ड हलेना.

तिने जोर लावला... कट्!

कार्ड अडकवणारा खटका तुटला. कार्ड हातात आलं, बोट कापून गेलं. जुनं कार्ड तिने पेपरवर ठेवलं आणि नवं बसवलं. घट्ट बसलं.

तिने खुशीत नवऱ्याला फोन लावला. "हेरंब, झालं रे! नवं कार्ड बसवलं."

"कशात?"

"कशात म्हणजे? वैभवच्या कॉम्प्युटरमध्ये."

"तू उघडलास? नवीन घेऊ म्हणालो होतो ना!"

"कधी? नूपुरच्या लग्नात?"

तो हसला नाही.

"अनू, ऐक. त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळं बोलून झालं. आईला सांभाळतो म्हटलं, तरी नाही. शेवटी मी म्हणालो, तुझा कॉम्प्युटर कुणी उघडणार नाही... तेव्हा शिवला."

"आणि हे मला आज सांगतोयस?"

"तिथे बायका नव्हत्या. घरी येऊन कुणी बोललंच नाही. तू आधी होतं तसं बसव. मी निघालो."

तिने नवं कार्ड ओढलं.

निघेना. तुटलेला खटका आत अडकला होता.

तेवढ्यात...

घर्रर्र...

तिने वर पाहिलं. छताचा पंखा नेहमीसारखा, आवाज न करता फिरत होता. कॉम्प्युटरचा प्लग जमिनीवर पडलेला.

मग तिने पेपरकडे पाहिलं.

काढून ठेवलेल्या कार्डाचा छोटा पंखा फिरत होता.

ना वायर, ना काही. नुसता... गरगर.

"हात काढ."

आवाज स्पीकरमधून आला. बंद स्पीकरमधून. कुणी कीबोर्डला बोट लावलं की वैभव अस्साच खेकसायचा.

अनुजाने हात मागे घेतला.

"वैभव भावजी... चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. परत बसवते..."

पंखा थांबला.

सगळंच थांबलं. खालच्या नळाचं पाणी, शेजारचा टीव्ही... कशाचाच आवाज नाही.

मग कॉम्प्युटरची रिकामी खुर्ची हळूहळू वळली.

तिच्याकडे नाही. चटईकडे.

नूपुर उठून बसली होती. डोळे खुर्चीवर. मान अशी कलती, जणू कुणी कानात बोलतंय.

अनुजाने झेप घेऊन तिला छातीशी ओढलं. लेकीचं अंग गार पडलं होतं.

"आई," नूपुर तिच्या खांद्यावरून खुर्चीकडे बघत म्हणाली, "काका म्हणतो, त्याची जागा गेली... आता तो कुणात राहणार? तुझ्यात, की माझ्यात?"