निकेलवर सांडलेला नारळ

हर्णैच्या धक्क्यावर आता डिझेलच्या पिंपांऐवजी अमोनियाच्या पिवळ्या टाक्या उभ्या असत. बर्फाच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या गारवा करणारा हाच वायू यापुढे होड्याही चालवणार, असं ठरलं होतं. डिझेल बंद झालं, होड्या मात्र चालेनात. म्हणजे धड इकडे ना तिकडे.

हिराजी तांडेलाची होडी हंगामभर धक्क्याला बांधून होती. आज ती चालली नाही तर भंगारात जाणार. हिराजीने भंगारवाल्याला तसा शब्दही देऊन टाकला होता. त्याची मुलगी सुलक्षणा रसायनशास्त्रातली डॉक्टर; होडी चालवून दाखवायचं तिनेच अंगावर घेतलं होतं.

अडचण धगीची होती. अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. रेणू फोडला की हायड्रोजन सुटतो, आणि त्यावर इंजिन चालतं. स्वतः न संपता तो रेणू फोडून देणारा धातू म्हणजे उत्प्रेरक. रुथेनियम हे काम कमी तापमानात करतं, पण इतका दुर्मिळ धातू होडीत कोण घालणार? सुलक्षणाच्या स्वस्त निकेलच्या सच्छिद्र गोळ्या साडेपाचशे अंशांवर जाग्या होत, आणि इंजिनाच्या धुराची धग जेमतेम चारशेची. उरलेली कसर बॅटरीवरच्या शेगडीने भरून निघेल, या आशेवर ती आली होती.

इंजिनाला जोडलेला गोळ्यांचा डबा उघडा ठेवून ती झाकणाचे नट शोधत होती, तोच फाडकन आवाज झाला. हिराजीने डब्याच्या काठावर नारळ फोडला होता. सगळं पाणी आत!

"आबा! काय केलंस हे?"

"नव्या इंजिनाला नारळ नको? तुज्या आज्यानं पयल्या इंजिनावर फोडला, मी दुसऱ्यावर. असाच कोरडा चालू करू काय?"

सुलक्षणाला रडू आवरेना. दुसऱ्या गोळ्या नव्हत्या. ओरडावं, तर म्हाताऱ्याने बाजारातला सगळ्यात चांगला नारळ निवडून आणलेला. शेवटी तिने शेगडी लावून गोळ्या तशाच सुकवल्या. जळक्या गुळासारखा वास सुटला. आलिया भोगासी असावे सादर, असं म्हणून तिने झाकण आवळलं आणि अमोनियाची तोटी सोडली.

तापमापकाचा काटा तीनशेवर आला आणि इंजिनाने धक धक सुरू केली.

काटा बिघडला असणार, असंच तिला वाटलं. तिने दुसरा तापमापक लावला. तोही तीनशेच दाखवत होता! होडीने दोर ताणला. हिराजीने तो सोडला, आणि हंगामभर मुकी राहिलेली होडी खाडीतून बाहेर पडली. धुराड्यातून ना काळा धूर, ना डिझेलचा दर्प. हायड्रोजन जळून झालेली नुसती वाफ, आणि तिचे थेंब. सुलक्षणा नको नको म्हणेपर्यंत हिराजीने ओंजळ धरून ते चाखलेसुद्धा.

"गोडं पाणी हाय गो!" तो ओरडला. "खाऱ्या दर्यात इंजिन गोडं पाणी देतंय!" त्याचे डोळे भरून आले होते.

सुलक्षणा त्या तीनशेचा हिशेब मांडू लागली. नायट्रोजनचे अणू धातूला चिकटून बसतात आणि पुढच्या रेणूंना जागा देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. नारळाच्या पाण्यातलं पोटॅशियम त्यांना हुसकावत असणार. पण पोटॅशियम तर तिने प्रयोगशाळेतही घालून पाहिलं होतं. फरक पडला होता दहा-वीस अंशांचा. अडीचशेचा नव्हे! मग त्या नारळात आणखी काय होतं?

तिने वडिलांना हे जमेल तसं समजावलं. हिराजी पाण्याकडे वळला.

"मग सुले," तो हळूच म्हणाला, "इतकी वर्सं आमी या दर्याला नारळ देतोय. तो त्यांचं काय करीत असंल गो?"