न धुतलेले हात

“ए... इथे दिवसभर करतात तरी काय?”

विचारलं बाई एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती—उपचार केंद्रात जो पहिला देखणा मुलगा दिसेल त्यालाच विचारायचं, डॉक्टरांना विचारणं म्हणजे रडीचा डाव! आई-बाबा आत डॉक्टरांशी बोलत होते. “आधी बघ, मग तुझं तू ठरव,” असं ते म्हणाले होते खरे. पण तिने मनातल्या मनात नकार पक्का करून टाकला होता. धुऊन धुऊन हातांची सालं निघाली होती, शाळा बुडत होती... तरी साबणाशिवाय दिवस काढायचा? छे!

बाकावरच्या कुरळ्या केसांच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं. हातातलं बिस्कीट बाकावर ठेवलं, उचललं आणि सरळ तोंडात टाकलं.

“ई! बाकावरचं?”

“गृहपाठ आहे माझा.” तो गालात हसला. हसताना डोळे इतके बारीक व्हायचे त्याचे! “तुलाही ओसीडीच ना? मन म्हणतं, धू. धुतलं की म्हणतं, परत धू.”

तिने हात मागे लपवले. “तुला कसं कळलं?”

“बाकावर टेकली नाहीस अजून. ऐक—सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. भीतीची शिडी करायची आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात. नकोशा वस्तूला हात लावायचा आणि न धुता बसायचं. इथे उपचार करणारी ताई आधी स्वतः हात लावते.”

“आणि ‘काही होणार नाही’ म्हणते?”

“तेवढंच म्हणत नाही! धीर द्यायचा नाही, असा नियमच आहे इथला; दिला की मन उद्या परत तेच विचारतं. जीव कासावीस होतो... होऊ द्यायचा. मग भीती आपोआप ओसरते. लावून बघतेस?” त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला, मग बाजूला झाला.

तिने मागे लपवलेला हात पुढे केला, परत मागे घेतला. पण माघार घेईल तर ती कसली! तिने दाराची मूठ घट्ट धरली. तळवा चुरचुरला, कान तापले... तो नुसता शेजारी उभा राहिला. आणि खरंच की—जरा वेळाने भीतीची लाट उतरली!

“जमलं!” ती उडीच मारणार होती. “सोमवारी असशील ना तू?”

“आज माझा शेवटचा दिवस.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“बापरे, एवढी आवडलो?”

“काहीतरीच! ...आणि मी? मी आवडले तुला?”

“‘हो’ म्हटलं तर उद्या परत विचारशील.” त्याचेच कान लाल झाले होते. “समोर आमचं सायकलचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर तिथेच असतो मी. हात ग्रीसने काळे. येशील तेव्हा आधी हात मिळवायचा!”

“ही तर शिडीची शेवटची पायरी झाली!”

“मग चढत ये की.”

दार उघडलं. आई-बाबा दबकतच बाहेर आले.

“आई, बाबा, सोमवारपासून मी इथे येणार!”

“अगं, घरी जाऊन शांतपणे...” आई गडबडली.

“नाही, ठरलं माझं! आणि एक दिवस संध्याकाळी न्यायला जरा उशिरा या. कोणता ते मी सांगेन. समोर सायकलच्या दुकानात काम आहे.”

“आपल्याकडे सायकल कुठाय?” बाबा बुचकळ्यात पडले.

“मग घेऊ या ना, बाबा!”