तपासूला कुणी बिघडवलं?

शर्वरीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वासच बसेना. पडद्यावर तिच्या इंग्रजी निबंधातल्या एका वाक्याखाली लाल रेघ होती, आणि ते वाक्य अगदी बरोबर होतं.

रेघ मारली होती तपासूने. तपासू म्हणजे शर्वरीच्या सावंतवाडीतल्या शाळेतला इंग्रजी तपासणारा यंत्रमानव. गुळवणी सरसुद्धा अडलं की त्यालाच विचारत, मग मुलांची काय कथा! त्या दिवशी तर त्याच्या शब्दाला फारच वजन होतं. चंद्रतळावरच्या, म्हणजे चंद्रावर उभारलेल्या तळावरच्या माणसांशी इंग्रजीत बोलायला एकजण निवडायचा होता. ज्याच्या निबंधात सगळ्यांत कमी लाल रेघा, त्याचं नाव दुपारी जाणार होतं. रोज चंद्रतळाच्या इंग्रजी बातम्या ऐकणाऱ्या शर्वरीला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि तिच्या वर्गातल्या निनादच्या निबंधात एकही रेघ नव्हती.

तिने लिहिलं होतं, 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स चाइल्डहुड', म्हणजे मी लहानपणापासून इथे राहते. तपासू म्हणत होता, 'आय लिव्ह हिअर' असं करा. चंद्रतळावरची माणसं तर कधीच तसं म्हणत नाहीत. तिने मधल्या सुट्टीत सुलभाआत्याला बोलावून आणलं. आत्याने आयुष्यभर यंत्रांना भाषा शिकवली होती.

एखादा सुटा भाग हलला असेल, असं आत्याला आधी वाटलं. तिने तपासूलाच कारण विचारलं.

"मुलांनीच मला तसं शिकवलं," तपासू शांतपणे म्हणाला.

आत्याने तपासूच्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

मग आत्याने उलगडा केला. तपासूला नियम पाठ नसतात. त्याच्याजवळ असतो शिकवणसाठा (यंत्र ज्यावरून शिकतं त्या उदाहरणांचा ढीग). त्यात जे वारंवार दिसतं, ते तो बरोबर धरतो. शिवाय शाळेने त्याला 'पटत नाही' असं एक बटण लावून घेतलं होतं. दुरुस्ती पटली नाही की मुलं ते दाबत, आणि पुष्कळांनी दाबलं की तपासू स्वतःचं मत बदलत असे. हेतू चांगला होता, पण चांगल्या हेतूनेच घोटाळा केला.

मुलं लबाड नव्हती. मराठीत आपण 'लहानपणापासून राहते' म्हणतो. 'राहते' हा वर्तमानकाळ. शब्दाला शब्द ठेवला की 'आय लिव्ह' होतं, आणि मराठी कानाला ते गोड लागतं. इंग्रजीला मात्र पूर्वी सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं काम 'हॅव लिव्ह्ड' असंच सांगावं लागतं. साऱ्या वर्गाची मातृभाषा एक, म्हणून चूकही एक, म्हणून मतही एक. वर्गात दहा भाषांची मुलं असती, तर चुका दहा दिशांना पांगल्या असत्या.

"इंग्रजी बोलणाऱ्या साऱ्या जगाचं मत मोजलं तर एक वेळ चालेल," आत्या म्हणाली. "एका वर्गाच्या मतावर भाषा ठरत नाही गं."

शर्वरीला स्वतःचं एक वाक्य आठवलं. 'माझं डोकं दुखतंय' याचं तिने 'माय हेड इज पेनिंग' केलं होतं. तपासूने पूर्वी 'आय हॅव अ हेडेक' असं सुचवलं, तेव्हा तिनेही ते बटण दाबलं होतं. तेच वाक्य आजच्या निबंधात होतं, आणि त्याखाली रेघ नव्हती. तपासू सुधारला तर तिची ही चूकही सापडणार होती.

आत्याने विचारलं, आता काय करायचं.

"सुधार त्याला," ती म्हणाली.

आत्याने देशोदेशीच्या लेखनाचा मोठा साठा तपासूत भरला. बटणही बदललं: आता ते दाबलं की तपासू आधी कारण विचारणार, आणि कारण पटलं तरच बदलणार. मग सगळे निबंध पुन्हा तपासले गेले. वर्गावर लाल रंगाचा सडा पडला, निनादचा निबंध तर ओळखू येईना. शर्वरीच्या निबंधात एकच रेघ होती, डोकेदुखीची. सरांनी दुपारी तिचंच नाव कळवलं.

आठवड्याने चंद्रतळावरून एक तंत्रज्ञ बोलू लागला. "मून इज व्हेरी क्वाएट. सन इज व्हेरी ब्राइट," तो म्हणाला. मागे बसलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली, कारण इंग्रजीत चंद्र-सूर्याच्या आधी लागणारा 'द' दोन्ही ठिकाणी राहून गेला होता. शर्वरी मात्र चमकली. आपल्या मराठीतही 'द' नाही. म्हणजे याच्या घरच्या भाषेतही नसणार.

तिने विचारलं, तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?

आवाज चंद्रावर जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. या वेळी त्याहून जास्त वेळ गेला.

"पोलिश," तो हळूच म्हणाला. "इथे आल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

पोलिशमध्ये चंद्राला 'क्शेंझित्स' म्हणतात, हे त्याने तिला सांगितलं, आणि तुमच्याकडे काय म्हणतात ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने तो शब्द म्हणून पाहिला, जरा वाकडातिकडा. मग तिने हसत 'क्शेंझित्स' म्हणून पाहिलं, आणि चंद्रावर तो मोठ्याने हसला.