उत्तर दरवाजाचे तेल

“उत्तरेचं दार आता कुरकुरत नाही गं पोरी,” असे हॉविसमाईने तीन दिवसांपूर्वीच सांगितले होते, आणि सेसिलीने ते हसण्यावारी नेले होते. कडेवर दहा महिन्यांची एमा दातांच्या कळांनी किरकिरत होती, चुलीवरची पेज उतू जायच्या बेतात होती, आणि हॉविसमाईला काय, कोठडीत बसून दिवसभर ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. “तेल घातलं असेल कुणी, माई. दाराला तेल घालतातच,” एवढे बोलून ती वळली होती. चर्चचे जे दार अकरा वर्षांत एकदाही उघडले नाही, त्याला तेल कुणी आणि कशासाठी घालावे, हा साधा प्रश्न तिला सुचला तो चौथ्या दिवशी पहाटे, आणि तोवर व्हायचे ते होऊन चुकले होते.

त्या पहाटे हार्नमिअरच्या दलदलीवर धुके असे दाटले होते, की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते हे जन्म पाण्यात काढलेल्या होडीवाल्यालाही सांगता आले नसते. त्या धुक्यातून दोनच गोष्टी वर आलेल्या दिसत: पूर्वेच्या टेकाडावर सरदार फुल्कच्या किल्ल्याचे चार बुरूज, आणि पश्चिमेच्या बेटावरचे कॅथेड्रल, ज्याच्या भोवती कोळ्यांची, बुरुडांची नि परटिणींची घरे एकमेकांना बिलगून उभी होती. इंग्लंडात ती बाराव्या शतकातली यादवी पेटलेली होती. मुकुट एक, दावेदार दोन, आणि ज्याची सरशी दिसेल त्याच्या बाजूला प्रत्येक किल्लेदार. सेसिलीचा नवरा राजाच्या फौजेत गेला होता, फुल्क विरुद्ध पक्षाला मिळाला होता, आणि अशा ऐन वेळी हार्नमिअरचे बिशप निवर्तल्याला चाळीस दिवस झाले होते. त्यांचे दगडी आसन रिकामे होते. ज्याच्या हाती ते आसन, त्याच्या हाती बेट, बेटाचा धक्का आणि दलदलीतून जाणारी एकुलती एक वाट. धर्ममंडळाने पलीकडच्या मठातले वृद्ध अध्यापक एल्मर यांची निवड केली होती आणि ते त्याच संध्याकाळी भरतीच्या पाण्याबरोबर यायचे होते. फुल्कला तिथे आपला धाकटा भाऊ ऑडो बसवायचा होता.

आड येत होता तो एकच माणूस, आर्चडीकन वुल्फ्रिक. सेसिलीचा बाप.

आर्चडीकन म्हणजे बिशपचा डोळा, असे लोक म्हणत. दर वर्षी तो धर्मप्रांतातल्या एकेका चर्चची तपासणी करीत हिंडे, हातातली लाकडी काठी भिंतीवर वाजवून ओल शोधी, छपराखाली मान वर करून उभा राही, बाप्तिस्म्याच्या कुंडाला भेग गेली आहे का ते बोट फिरवून पाही. (त्या काळी असे अधिकारी संसारही करीत. घरी आल्यावर तो सवयीने धुराड्यावरही काठी वाजवी, आणि सेसिली म्हणे, “बाबा, हे घर आहे, तुमचा धर्मप्रांत नव्हे.”) पण त्याचा खरा मान निराळाच होता. नव्या बिशपचा उजवा हात आर्चडीकनने पश्चिमेच्या दारात धरायचा, त्याला साऱ्या प्रजेदेखत आसनापर्यंत चालवत न्यायचे, काठी आसनाला टेकवायची आणि म्हणायचे, “बसा.” तो शब्द उच्चारला गेला नाही, तर ते आसन म्हणजे नुसता दगड.

आणि हॉविसमाई? कॅथेड्रलच्या उत्तर भिंतीला चिकटून एक कोठडी होती. एकोणीस वर्षांपूर्वी हॉविस नावाची विधवा मरेपर्यंत प्रार्थना करण्याचे व्रत घेऊन तिच्यात शिरली, आणि वुल्फ्रिकने स्वतः तिचे दार दगडांनी चिणून त्यावर मोहोर उमटवली. उरल्या दोन खिडक्या. एक आत, चर्चमध्ये उघडणारी. दुसरी बाहेर, गल्लीत, जेमतेम दोन विती रुंद. सकाळी गल्लीतून जाणारा पहिला माणूस बाहेरच्या झडपेवर दोनदा टकटक करी. आतून दोन टकटकी आल्या, की माई हयात आहे असे समजून आपल्या वाटेने जाई.

त्या पहाटे सेसिली एमाला घेऊन खिडकीशी आली, पण तिचा हात झडपेपर्यंत पोचण्याआधीच झडप उघडली.

“आवाज करू नकोस,” माई म्हणाली. “माणसं आत शिरलीत. उत्तरेच्या दारानं. वीस तरी जोडे मोजले मी, सगळे लोखंडी. तुझ्या बापाला प्रार्थनेतून उठवलं त्यांनी. तो नाही म्हणतोय. आणि फुल्क विचारतोय, म्हाताऱ्याची नात कुठंय.”

सेसिलीने एमाला छातीशी ओढले. गल्लीच्या दोन्ही टोकांना धुक्यात भाल्यांची टोके हलताना दिसत होती.

“दे इकडं,” माई म्हणाली.

“काय?”

“पोर दे. या चार भिंतींत कुणाचा पाय पडत नाही.”

तापाच्या रात्री जिच्या श्वासावर हात ठेवून ती बसली होती, जिला शेजारणीकडे घटकाभर ठेवतानाही दहा वेळा मागे वळून पाहिले होते, ते आपले लेकरू जिथे आपल्याला कधीही शिरता येणार नाही अशा भोकातून आत सोडायचे! क्षणभर सेसिलीचे हात तिचे ऐकेनात. मग तिने एमाचे डोके तळव्यात धरले, खांदे तिरके केले, आणि काळोखातून आलेल्या दोन म्हाताऱ्या हातांवर तिला ठेवले. झडप मिटली. एमा रडली नाही, आणि त्या न रडण्याने सेसिलीचा जीव कासावीस झाला.

आतून दोनदा टकटक आली.

त्याच वेळी फुल्क कोपऱ्यावरून वळला. मागे हात बांधलेला वुल्फ्रिक, आणि त्याच्या पलीकडे नजर चुकवीत डीन रॅनल्फ, कॅथेड्रलचा कारभारी. त्याच्या पांढऱ्या अस्तनीवर तेलाचा काळपट डाग होता. कुणावर विश्वास नव्हता म्हणून बिचाऱ्याने ते काम स्वहस्ते केले असावे.

“बाईसाहेब,” फुल्क मान लववून म्हणाला, “आपले वडील वयाने मोठे, हट्टाने त्याहून मोठे. आज दुपारचा सोहळा पार पडेपर्यंत आपल्या कन्येने किल्ल्याचा पाहुणचार घ्यावा, एवढीच विनंती.”

“माझी मुलगी माझ्याजवळ नाही, सरदारसाहेब.”

पण आता एमा रडली. भिंतीच्या आतून, खणखणीत.

फुल्क हसला. त्याने हातोडा मागवला. चिणलेल्या दारावरची मोहोर पाहून शिपाई मागे सरले, तेव्हा पहिला घाव त्याने स्वतः घातला. दगड हलला नाही, पण गिलाव्यात वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि आतले रडणे एकदम थांबले.

“पुरे!” वुल्फ्रिक ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “दुपारी मी तुमच्या भावाचा हात धरीन. ही भिंत सोडा.”

“बाबा!”

“सेसिली, भिंतीला भेग गेली आहे,” म्हातारा तिच्याकडे पाहून म्हणाला. “तपासणीच्या वहीत चढवायची राहून जाईल. लक्षात ठेव.”

त्याला नेले. दोन शिपाई हातोडे घेऊन कोठडीपाशी राहिले. हुकूम साफ होता: आर्चडीकनची काठी आसनाला टेकली नाही, तर भिंत पाडायची. सेसिलीने तो ऐकला आणि बापाचे हात कशाने बांधले आहेत आणि ते सुटले तर तो नकारच देईल, हे तिला लख्ख कळले. ते हातोडे खाली ठेवले गेले पाहिजेत, आणि ठेवल्याचे त्याला कळले पाहिजे.

ती धावली ती कोळणींच्या ओट्यावर. बेटावरचे सारे पुरुष सोहळ्यासाठी चर्चमध्ये हाकले जात होते. बायकांकडे कुणाचे लक्ष नव्हते. दुपारची घंटा होईतो गल्लीत अकरा जणी जमल्या आणि कोठडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पुढे होती ब्रिडा, मासे कापायच्या फडक्याला हात पुसत.

“अगंबाई, ग्रिम का हा?” ती करड्या दाढीच्या शिपायाला म्हणाली. “डोळे आले होते तेव्हा तीन महिने या खिडकीत तोंड घालून रडायचास. माईच्या औषधानं बरे झालेल्या डोळ्यांनी आता तिचीच भिंत मोजतोस होय रे?”

“हुकूम आहे, ब्रिडाताई. बाजूला व्हा.”

“हुकूम आहे तर घाल घाव. आधी माझ्या पोटावर घाल. भिंतीपेक्षा जाडच निघेल.”

बायका हसल्या. दुसरा शिपाई परमुलखातला भाडोत्री, त्याला एक अक्षर कळेना. तो ग्रिमच्या तोंडाकडे पाहत राहिला. ग्रिमने हातोडा उचलला, दांडा हलवून पाहिला, आणि म्हणाला, “दांडा सैल झालाय. असा घाव बसायचा नाही.” मग तो हातोडा जमिनीवर ठेवून त्याच्यावरच बसला. दुसऱ्यानेही तेच केले.

सेसिलीने झडपेवर दोनदा वाजवले. “माई, हातोडे खाली ठेवले त्यांनी. बाबा आसनाशी पोचले की आतल्या खिडकीवर वाजवा. त्यांना कळेल.”

आणि ती उत्तरेच्या दाराकडे वळली. फितुरीने तेल पाजलेले ते दार तिने ढकलले, आणि तिच्यासाठीही ते मुकाट्याने उघडले.

आत माणसे दाटीवाटीने उभी होती. मधल्या वाटेने वुल्फ्रिक ऑडोचा हात धरून येत होता. पण किती सावकाश! प्रत्येक खांबापाशी थांबे, काठी वाजवी, वर पाही.

“फादर, जरा पाय उचला,” मागून फुल्क गुरगुरला.

“या खांबाला ओल आहे, सरदारसाहेब. नव्या बिशपना दाखवायला नको?”

कुठेतरी कुणीतरी फिसकन हसले. पायऱ्या आल्या. एक, दोन, तीन. आसनासमोर वुल्फ्रिक थांबला, काठी उचलली, आणि ती तशीच हवेत राहिली.

टक. टक.

उत्तर भिंतीतून आलेला तो आवाज सगळ्यांनी ऐकला, अर्थ एकालाच लागला. वुल्फ्रिकने डोळे मिटले, उघडले, आणि ऑडोचा हात सोडला.

“हार्नमिअरच्या लोकहो,” तो म्हणाला, “चाळीस वर्षं ही काठी माझ्या हाती होती. हिनं मी तुमची छपरं तपासली, भिंती तपासल्या, आणि तीन बिशपांना या आसनावर बसवलं. चौथ्याला धर्ममंडळानं निवडलंय, तो पाण्यावर आहे. हा तो नव्हे. म्हणून मी हे पद तुमच्यासमोर इथंच खाली ठेवतो.” आणि आसनाच्या दगडी कडेवर त्याने काठी आपटली. तिचे दोन तुकडे झाले. “आता हार्नमिअरला आर्चडीकन नाही. ऑडो, बाळा, तुला बसायचं तर बस. पण तुला ‘बसा’ म्हणायला कुणी नाही.”

ऑडोने आसनाकडे पाहिले, लोकांकडे पाहिले. “दादा,” तो हलकेच म्हणाला, “मी नाही बसत.”

फुल्कचा लोखंडी हातमोजा वुल्फ्रिकच्या कानशिलावर बसला. म्हातारा पायऱ्यांवरून खाली आला, तो आपल्या पायांनी नव्हे. पण वेदीसमोर सांडलेले ते रक्त फुल्कच्याच शिबंदीने पाहिले, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि एकेक जण दाराकडे सरकू लागला. संध्याकाळच्या भरतीला एल्मरच्या होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा फुल्क किल्ल्याचा दरवाजा आतून लावून बसला होता. सुगीच्या दिवसांत राजाच्या फौजेने तो उघडला. डीन रॅनल्फ कुठे गेला ते कुणी विचारले नाही. एल्मर मात्र आसनावर बसले नाहीत. नवा आर्चडीकन नेमला जाईपर्यंत सात महिने ते त्या दगडाशेजारी उभे राहूनच प्रार्थना म्हणत.

वुल्फ्रिक तिसऱ्या दिवशी गेला. जाताना बोट खाटेच्या लाकडावर वाजवीत होता.

आणि एमा? तिला खिडकीतून परत घेताना सेसिलीला दिसले, की पोर हातात आल्यावरही आतला एक हात तिची टाच धरून होता. त्या पहाटेपर्यंत एकोणीस वर्षांत त्या हाताला माणसाचा स्पर्श झाला नव्हता. सेसिलीने घाई केली नाही. मग हात आपणहून सुटला.

नवरा परतला, आणि तिला चार दिवसांच्या वाटेवरच्या आपल्या गावी घेऊन गेला. सहा वर्षांनी तिथे नवा आर्चडीकन तपासणीला आला. त्याच्या हाती तीच काठी होती, मधोमध लोखंडी कडे घालून जोडलेली. कारकून वहीतून विचारीत होता: छप्पर गळतं का? घंटा तडकली आहे का? कुंडाला झाकण आहे का? गावकरी उत्तरे देत होते. शेवटी त्याने सवयीने विचारले, “आणखी काही?” आणि उत्तराची वाट न पाहता वही मिटायला घेतली.

“आहे,” सेसिली म्हणाली. सात वर्षांची होत आलेली एमा तिच्या झग्याशी होती. “लिहा. कॅथेड्रलच्या उत्तर भिंतीला भेग आहे. आर्चडीकन वुल्फ्रिक यांनी ती पाहिली होती, वहीत चढवायची राहिली. तिच्यातून वारा येतो. भिंतीमागे हॉविस नावाची बाई राहते. आता तिचं वय झालं. तिनं मला एकदा एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. म्हणून हेही लिहा, मी सांगते तसंच: जो कुणी हे पान वाचील, त्यानं कृपा करून त्या गल्लीत जावं. सकाळी जावं. झडपेवर दोनदा वाजवावं. लगेच निघू नये. तिला उठायला वेळ लागतो. आतून दोनदा वाजेपर्यंत तिथंच उभं राहावं.”