चौथा मोड

पंपवाला पहिल्यांदा कारखान्यात आला तो चिमटीचा एक कान घेऊनच पुढे गेला.

कान म्हणजे श्रवणयंत्र हो, नखाएवढं. तिथं दिवसभर तीच बनायची, म्हणून सगळे त्यांना कानच म्हणत. टेबलांमधल्या अरुंद जागेत हातातल्या खोक्याचा तोल सावरायला त्यानं चिमटीच्या टेबलावर हात टेकला, आणि ओल्या गोंदासकट एक कान त्याच्या बाहीला चिकटून चालता झाला.

"अहो... खोकेवाले..." चिमटी हातातला चिमटा घेऊनच त्याच्या मागे धावली. हा चिमटा सदा तिच्या हातात, त्यावरूनच तिचं हे नाव पडलेलं. "तुमच्या बाहीला माझा कान चिकटलाय."

तो थांबला. आधी बाहीकडे बघितलं, मग तिच्याकडे – जरा जास्तच वेळ. "तरीच म्हटलं, कुणीतरी ऐकतंय."

तिनं कान अलगद सोडवला. बाहीवर गोंदाचा ठिपका राहिला आणि तिच्या गालांवर... जाऊ द्या, लाजली बिचारी, उगाच कशाला लपवायचं.

सहा वर्षं ती सिरिंज अंगठ्यानं दाबून एकेका कानात गोंदाचा थेंब सोडत होती. संध्याकाळी अंगठा ठणकायचा. म्हणून काकांनी – होते मालक, पण सगळ्यांचे काकाच – खोक्यातला हा गोंद सोडणारा पंप मागवला होता. पंपवाला तीन दिवस येणार, चिमटीला शिकवणार आणि जाणार, असं ठरलं होतं.

"चार मोड आहेत," त्यानं खुर्ची ओढली. "वेळेच्या मोडमध्ये पेडल एकदा दाबायचं, ठरलेले सेकंद गोंद येतो. मापाच्या मोडमध्ये ठरलेलं माप येतं. सततच्या मोडमध्ये पाय आहे तोवर येतच राहतो."

"आणि चौथा?"

"शिकवणीचा. थेंब मनासारखा होईपर्यंत पेडल दाबून धरा. पाय उचलला की तेवढा वेळ हा लक्षात ठेवतो. पुढे नुसता पाय टेकवला तरी तस्साच थेंब."

"एकदा सांगून लक्षात ठेवतो? भलताच गुणी आहे."

"लक्षात मीही बरंच ठेवतो," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

आता खरं सांगायचं तर चिमटीला हे सगळं अर्ध्या तासात आलं. पण शिकून झालं की हा जाणार... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. परत सांगाल?"

त्यानं सांगितलं. मंगळवारी परत पहिल्यापासून. ती मुद्दाम गोंदाची डबकी करायची आणि तो न चिडता सुई पुसायचा.

"गोंद मागे ओढायचं बटण विसरलात," तो म्हणायचा. "पाय काढला की किंचित मागे घ्यावा लागतो, नाहीतर सुईच्या टोकाशी लोंबत राहतो."

"त्याला जायचं नसेल," ती म्हणायची.

पण जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की तिला राहवायचं नाही. काचेच्या पट्टीवर ती थेंबामागून थेंब टाकत सुटायची, सगळे अगदी एका मापाचे. मग पट्टी पुसून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं डबा खायला जायची.

बुधवारी दुपारी काका टेबलाशी येऊन उभे राहिले. "तीन दिवस झाले, हिला काही जमत नाही. उद्यापासून हिला पॅकिंगला पाठवतो. पंपावर दुसऱ्या कुणाला तरी बसवू."

खिडकीजवळचं ते टेबल सहा वर्षं चिमटीचं होतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. गप्प राहिली तर टेबल जाणार, आणि खरं बोलली तर हा आजच जाणार. तिनं पंपवाल्याकडे पाहिलं. त्यानं खुर्ची मागे घेऊन तिला जागा करून दिली.

ती बसली. चौथा मोड लावला, पेडल दाबलं, थेंब फुगला तसा पाय उचलला. मग टक, टक, टक... वीस कान. एकही थेंब लहान नाही, मोठा नाही, लोंबता नाही.

काकांचा चष्मा कपाळावर गेला. "मग तीन दिवस काय झोपा काढत होतीस?"

"येत होतं, काका. सोमवारपासूनच. येत नाही असं खोटं सांगितलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "चुकलं माझं."

"आणि तुला रे? तुला कळलं नाही?"

पंपवाल्यानं एक बटण दाबलं. स्क्रीनवर आकडे आले. "हा सगळं मोजतो, काका. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोनशे बारा थेंब, काल तीनशे चाळीस. मला सोमवारी दुपारीच कळलं होतं."

काकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांचेही केस काही उन्हात पांढरे झाले नव्हते. "टेबल तुझंच," ते चिमटीला म्हणाले. "पण ही थेरं कामाच्या वेळेत नकोत." आणि ते पॅकिंगकडे निघून गेले.

"कळलं होतं, तर रोज पहिल्यापासून का शिकवलंत?" तिनं विचारलं.

"तुम्ही रोज पहिल्यापासून का विचारलंत?"

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं नवा कान घेतला, पुन्हा शिकवणीचं बटण दाबलं आणि पेडलवर पाय ठेवला. तेवढ्यात त्याच्या बाहीकडे लक्ष गेलं. सोमवारचाच शर्ट होता, धुतलेला, इस्त्रीचा... आणि ठिपका अजून तिथंच.

"माझं इथलं काम आज संपतंय," तो म्हणाला. "उद्या यायला काही कारण नाही. तरी... येऊ का? मला तुम्ही आवडता. बाहीवरचा कान सोडवलात ना, तेव्हापासून."

ती बघतच राहिली. पाय उचलायचा राहून गेला. गोंद कानात भरला, कानाबाहेर आला, ट्रेमध्ये पसरला...

"पाय," तो हळूच म्हणाला.

तिनं दचकून पाय काढला. मग खात्री करायला दुसऱ्या कानावर नुसता टेकवला, तर पंपानं इमानदारीत तेवढंच मोठं डबकं केलं. दोघांनाही हसू आवरेना.

"आता हा एवढाच सोडत राहणार," ती डोळे पुसत म्हणाली. "पुन्हा शिकवावं लागेल."

"तुला येतं ते."

"येतं," ती म्हणाली. "सहाला सुटते मी. दाराशी थांब."