सहा नंबरची खाट

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या लेकीनं दूध सोडलं. वैशाख होता. दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डातल्या खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या होत्या, कूलरमधून वाळ्याचा कुबट वास येत होता, आणि बाहेर ऊन असूनही आत दिवेलागणीसारखा अंधार. उजेड काय तो भिंतीवरच्या बोर्डाचा.

बोर्ड म्हणजे मोठा टीव्हीच. प्रत्येक खाटेचा एक चौकोन. त्यात बाळाचा श्वास, ताप, ऑक्सिजन. ठीक असलं की हिरवा, बिघडलं की लाल. लाल झाला की डॉक्टरांच्या मोबाइलवर घंटी वाजते. पण आकडे भरायचे सिस्टरनंच. आम्ही पाच नंबरवर. आमचा चौकोन हिरवा, आणि त्यात लिहिलेलं, 'रंजूचं बाळ'. रंजू म्हणजे मी.

पाच महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. दोन वर्षांआधी याच वॉर्डात माझा मुलगा गेला, बारशाआधीच. तेव्हापासून सासूबाईंनी ठरवलं होतं, वर्षाची होईस्तोवर नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की नजर लागते.

"सिस्टर, हिची छाती आत ओढून राहिली जी."

करुणा सिस्टरनं बोर्डाकडे मान वळवली. "हिरवा आहे ना? मग कायले घाबरते?"

"आकडे कधी घेतले तुम्ही?"

"सकाळी. तेच पुढं टाकले. पंचवीस लेकरं अन् मी एकटी, कुठं कुठं पुरू?"

सासूबाईंनी मलाच दटावलं. "सातवी शिकली अन् सिस्टरले शिकवते. चूप बस."

मी लेकीच्या छातीवर हात ठेवून बसले. लेकीचे ओठ जांभळासारखे होत होते.

तेवढ्यात बोर्डावर सहा नंबर लाल झाला. सहावर कोणीच नव्हतं, गादी गुंडाळून ठेवलेली. पण चौकोनात लिहिलं होतं, 'रंजूचं बाळ'. ऑक्सिजन चौऱ्याहत्तर.

"हे कोण भरून राहिलं..." सिस्टर पुटपुटली. तिनं ते पुसलं. पुन्हा आलं. बहात्तर. पुन्हा पुसलं.

सत्तर...

गुंडाळलेल्या गादीतून आंबलेल्या दुधाचा वास आला. मला तो ओळखीचा होता. माझा मुलगा सहावरच होता.

डॉक्टर उष्ट्या हातानं धावत आले, सरळ सहा नंबरपाशी. "पेशंट कुठे आहे?"

मी त्यांची बाही धरून ओढली. "साहेब, इकडं... हे पाहा."

त्यांनी लेकीच्या पायाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. सत्तर.

मग नळी, सुई, धावाधाव. अंधार पडेस्तोवर तिची नखं गुलाबी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. मी मघाशी सांगितलं, तेव्हा कोणी उठलं नाही. रिकाम्या खाटेसाठी मात्र सगळे धावले.

संध्याकाळी कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, "नावं सारखी ना, म्हणून जुना रेकॉर्ड उघडला असेल. हा मुलगा आहे, दोन वर्षांआधीचा."

"मग आजचे आकडे कोणी टाकले?" सिस्टरनं विचारलं.

त्यानं पाहिलं. टाकणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. त्यानं रेकॉर्ड बंद केला आणि चहाही न घेता निघून गेला.

सुट्टी झाली त्या दिवशी माझे मालक, लिलाधर, न्यायला आले. निघताना मी बोर्डाकडे पाहिलं. सहावर अजूनही कोणी नव्हतं, पण चौकोन पेटला होता, हिरवा. श्वास नाही, ताप नाही. फक्त वजन लिहिलेलं, बारा किलो.

आमचा मुलगा गेला तेव्हा दोन किलोचाही नव्हता. असता तर आता दोन वर्षांचा झाला असता.

सासूबाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांनी माझा दंड धरला. "चाल... मांगं पाहू नोको."

तुमच्या ओळखीतल्या ज्या बाईचं लेकरू त्या वॉर्डात असेल, तिला माझा एवढा निरोप द्या. बोर्ड हिरवा असला तरी लेकराच्या छातीवर हात ठेवून बस. आणि सहा नंबरची खाट रिकामी दिसली, तरी तिच्यावर पिशवी ठेवू नको.