पाटकऱ्याची डावी पोटरी

संपततात्या खेमनर अचानक गप्पिष्ट झाले होते. जन्मभर ज्यांच्या तोंडून शब्द काढायला घरच्यांना मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, ते तात्या आता शाळेच्या वाटेवर सुताराच्या दाराशी थांबून त्याच्या रंध्याची चौकशी करत. पुढे चिंचेखाली कुणी भेटलं तर त्याची, नाहीतर चिंचेचीच विचारपूस करत. त्याच्याही पुढे पाण्याच्या टाकीशी बसून बिडी शिलगावत. निंबळवाडीला वाटलं, नोकरी संपली आणि म्हातारा माणसात आला.

त्यांच्या नातीला, सहावीतल्या वैजूला, तसं वाटत नव्हतं. तात्यांना थांबावं लागायचं, म्हणून ते बोलायचे. ते तिला शाळेत सोडायला येत, तेव्हा तिनं गुपचूप पावलं मोजली होती. घरापासून सुताराचं दार दोनशे वीस. तिथून चिंच दोनशे पंधरा. चिंचेपासून टाकी पुन्हा दोनशे वीस. हे काय कोडं होतं? दमलेला माणूस दर खेपेला आधीपेक्षा लवकर बसतो. तात्या मात्र तीन मिनिटं थांबले की पुन्हा तेवढेच चालायचे, जसं काही कुणी आत चावीच भरून ठेवली होती.

तात्या पाटकरी होते. धरणाचं पाणी पाटानं येतं, ते कुणाच्या शेताला कधी सोडायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. पस्तीस वर्षं ते रोज बारा किलोमीटर पाटाच्या कडेनं चालले. आता पाटाची दारं आपोआप उघडत आणि कोणत्या पिकाला तहान लागली हे उपग्रह सांगे. पण वैजूला आठवत होतं ते वेगळंच. सुट्टीच्या दिवशी तात्या तिला जलसेतूपर्यंत (नदीवरून पाट पलीकडे नेणारा पूल) न्यायचे. तिथल्या गार दगडाला कान लावायला सांगायचे. आत पाणी गुरगुरत पळायचं. "ऐकलं? पाट बोलतोय," तात्या म्हणायचे.

त्याला दोन वर्षं झाली. "कधी जायचं?" असं विचारलं की ते "पुढच्या आवर्तनाला" म्हणत, म्हणजे पाटाला पुढचं पाणी सुटेल तेव्हा, आणि दुसरीकडे बघत. आवर्तनं येत होती आणि जात होती. शेवटी वैजूनं विचारणं सोडून दिलं. रोज संध्याकाळी तात्या ओट्यावर पाटाकडे तोंड करून बसत आणि वैजू त्यांना खेटून बसे. दोघांनाही तिकडेच जायचं होतं. त्यांच्याशेजारी बसूनही वैजूला तात्यांची फार आठवण येई.

गुरुवारी गावच्या आरोग्य उपकेंद्रात 'स्पंदन' येत असे. चाकांवर चालणारा पिवळा यंत्रमानव तो, पोटावर पडदा, आणि त्या पडद्यावर तालुक्याहून बोलणाऱ्या डॉक्टर शबाना तांबोळी. गावानं त्याचं नाव डबा डॉक्टर ठेवलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तात्या आले, तेव्हा वैजू सोबत होती.

"पाय दुखतो का?" स्पंदननं यादीतला प्रश्न विचारला.

"नाही."

मागच्या खेपेलाही त्यानं 'नाही' असंच लिहून घेतलं होतं. आणि तात्यांच्या मते ते खोटंही नव्हतं. दुखणं म्हणजे काटा मोडणं, हाड मोडणं. पोटरी भरून येणं हे त्यांच्या हिशेबी दुखणंच नव्हतं.

वैजूला कळत होतं, तात्या रागावतील, कदाचित बोलणारही नाहीत. तरी ती बोलली.

"दोनशे वीस पावलांवर यांची डावी पोटरी भरून येते. तीन मिनिटं थांबले की जाते. मग पुन्हा दोनशे वीस."

"चोमडी कुठली!" तात्या कडाडले. "वय झालं म्हंजी पाय कुरकुरणारच की."

"उजवा पाय पण तेवढ्याच वयाचा आहे," वैजू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

स्पंदनचे दिवे दोनदा लुकलुकले. "हा आकडा मला कुणी दिला नव्हता," तो म्हणाला आणि त्यानं डॉक्टरांना बोलावलं.

तात्यांना बाकावर आडवं केलं. स्पंदननं दाब मोजायचा पट्टा आधी दंडाला बांधला, मग एकेका घोट्याला. घोट्यावर पेनासारखी एक नळी टेकवली. रक्ताची चाल ऐकणारी ती नळी होती. उजव्या घोट्यातून खणखणीत आवाज आला, हुप्प, हुप्प. वैजू दचकली. जलसेतूच्या दगडाआड असंच तर वाहायचं! डाव्या घोट्यातून मात्र नुसती सुस्त सळसळ आली.

"भागाकार येतो ना?" पडद्यावरून डॉक्टरांनी विचारलं. "दंडाचा दाब एकशे चाळीस. उजव्या घोट्याचा एकशे छत्तीस. डाव्याचा नव्वद. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भाग दे."

वैजूनं पाटीवर आकडे मांडले. "उजवा जवळजवळ एक. डावा... शून्य पूर्णांक चौसष्ट शतांश."

"हा आकडा एकच्या आसपास हवा. शून्य पूर्णांक नऊ दशांशाच्या खाली गेला, की समजायचं—"

"वरच्या अंगाला गाळ बसलाय," तात्या हळूच म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते छताकडे बघत होते.

"शेवटच्या शेताला पाणी कमी पडलं की मी त्या शेतात उभा नाही राहायचो. पाटाच्या कडेनं वर वर जायचो. कुठंतरी गाळ सापडायचाच."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी रोहिणी (शुद्ध रक्ताची नळी) आतून चरबी साचून अरुंद झाली आहे. बिडीनं आणि रक्तदाबानं तिचं अस्तर खरवडलं जातं, मग तिथं साचायला आणखी सोपं."

"पण मग बसल्यावर का नाही दुखत?" वैजूनं विचारलं.

उत्तर तात्यांनीच दिलं. "थंडीत कमी पाण्यावर भागतं गं. उन्हाळ्यात सगळे ऊस एकदम पाणी मागतात, तवा ओरड होते. चालताना पायाचा उन्हाळा."

वैजूचं कोडं सुटलं. स्नायू चालताना कितीतरी पट रक्त मागतात. तेवढं पुरवठ्याला झेपत नाही, आणि दोनशे विसाव्या पावलाला पोटरी ओरडते. थांबलं की मागणी उतरते.

"पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा गाळ काढला," तात्या म्हणाले. "वाटलं, पाय झिजले. म्हणून तर जपून बसत होतो."

"तिथंच चुकलं, तात्या. तुम्ही चालायला हवं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पायात गाळ दिसला, की तो हृदयाच्या आणि मेंदूच्या नळ्यांतही असू शकतो. म्हणून आधी हृदयालेख (हृदयाच्या विजेच्या लहरींचं चित्र) काढायचा, चरबी उतरवणाऱ्या आणि रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, आणि बिडी आजपासून बंद. मग चालायचं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. त्यानं स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतात आणि आजूबाजूच्या बारीक नळ्याही थोड्या रुंदावतात. पण बसल्या जागी पाय दुखला, जखम भरेना किंवा छातीत दुखलं, तर गुरुवारची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं.

"आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तर नळी आतून फुगवून मोकळी करता येते. पण आधी तुमच्या पायांना संधी देऊ."

हृदयालेख ठीक आला. घरी जाताना सुताराच्या दाराशी तात्या थांबले, खिशात हात घातला, आणि बिड्यांचं बंडल वैजूच्या हातात दिलं.

बिडी सुटायला सोपी नव्हती. पहिल्या महिन्यात तात्या घरभर करवादत फिरले. तरी रोज संध्याकाळी दोघं निघत. दोनशे साठ. तीनशे दहा. एकदा पुन्हा दोनशे चाळीस, तेव्हा वैजू रात्री जेवली नाही. मग चारशे.

माघात पाटाला पाणी सुटलं. तात्यांनी सकाळीच चपला पुसून ठेवल्या. पाटाच्या कडेनं चालताना ते तीनदा थांबले. जलसेतू अजून बराच लांब होता, वळणापाशी नुसत्या त्याच्या कमानी दिसत होत्या, आणि ऊन उतरत होतं.

"आज इथवरच," तात्या म्हणाले. "पुढच्या आवर्तनाला कान लावू." आणि या वेळी त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही.

वैजूला कमानींकडे बघून भरून आलं. मग ती परत फिरली. तात्या सांगत होते, पहिल्यांदा पाट फुटला तेव्हा त्यांनी रात्रभर पोत्यांनी कसा अडवला, वैजूचा बाप तेव्हा एवढासा होता. गोष्ट रंगात आली होती. टाकी मागं गेली, चिंच मागं गेली, आणि एकाएकी वैजूच्या लक्षात आलं की आपलं मोजायचं राहूनच गेलं आहे.

तात्या चालता चालता बोलत होते.